गोड बोलण्याआधी खरे बोलावे

संक्रांतीच्या पर्वकाळी तिळगुळासोबत आपण परस्परांस गोड बोलण्याचे वचन देतो. परंतु वाणीचे पहिले व्रत माधुर्याचे नसून सत्याचे आहे. त्याचा विसर पडला म्हणजे काय अनर्थ ओढवतो, हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे जमावाने पाच जणांना मारहाण करून ठार केले. नाथपंथी डवरी गोसावी समाजातील, भिक्षेसाठी गावोगाव हिंडणारे ते लोक होते. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, ही अफवा भ्रमणध्वनीवरून त्या भागात आधीच पसरली होती. ज्याला आदराने भिक्षा घालावी असे आपली परंपरा सांगते, त्याच्याच वाट्याला हा संशय आला.

या विषयावरील ख्रिस्ती विचार आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण त्या समाजाने अफवेचा घाव सोसलाही आहे आणि घातलाही आहे.

रोमन साम्राज्यात आरंभीच्या ख्रिस्ती लोकांविषयी असे बोलले जाई की, ते गुप्त उपासनेत अर्भकांचा बळी देऊन त्यांचे मांस खातात. इ. स. १९७ च्या सुमारास कार्थेजच्या टर्टुलियनने ‘अपोलोजेटिकस’ या ग्रंथात त्यास उत्तर दिले. त्याचा युक्तिवाद मार्मिक आहे. अफवा सिद्ध होत नाही तोवरच अफवा म्हणून जगते. सिद्ध झाली की ती वस्तुस्थिती होते. तेव्हा जी वर्षानुवर्षे अफवाच राहिली, तिच्यावर शहाण्याने विसंबू नये.

पुढे युरोपात ख्रिस्ती समाज प्रबळ झाला आणि तोच आळ त्याने ज्यूंवर घेतला. १४७५ साली ईस्टरच्या दिवसांत, आज इटलीत असलेल्या ट्रेंट नगरात, सिमोन नावाचे लहान बालक मृतावस्थेत सापडले. ज्यूंनी धार्मिक विधीसाठी त्याचा बळी घेतला, अशी आवई उठली. यातना देऊन कबुलीजबाब घेण्यात आले, अनेक ज्यू पुरुषांना देहदंड झाला आणि त्या बालकाची हुतात्मा म्हणून उपासना सुरू झाली. कॅथलिक चर्चने ती उपासना रद्द केली १९६५ साली, म्हणजे तब्बल ४९० वर्षांनी! ट्रेंट काय किंवा राईनपाडा काय, अफवा शिरली ती लेकरांच्या काळजीच्या वाटेने. ममतेला भय दाखविले की विवेक मुका होतो.

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही मोशेला मिळालेल्या दहा आज्ञांपैकी एक. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात तिचा विस्तार करताना तीन दोष वेगळे केले आहेत. पुरेशा आधारावाचून कोणाला मनातल्या मनात दोषी मानणे, हा पहिला. एखाद्याचा खराच दोष सबळ कारणाशिवाय, तो ठाऊक नसलेल्यांना सांगणे, हा दुसरा. खोटे बोलून कोणाची अब्रू घालविणे, हा तिसरा. म्हणजे ‘आम्ही केवळ आलेले पुढे धाडले’ ही सबब येथे चालत नाही.

याहून महत्त्वाचा आहे तो भरपाईचा दंडक. सत्याविरुद्ध अपराध करणाऱ्यास क्षमा मिळाली तरी भरपाईचे कर्तव्य सुटत नाही, असे हा ग्रंथ बजावतो. जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविण्याची मर्यादा घालण्याचे जाहीर केले. अशा उपायाने अफवेचा वेग मंदावेल; पण पसरून गेलेले खोटे त्याने परत येत नाही. ते काम ज्याने पसरविले त्याचेच आहे. ज्या दहा घरांत आपण आवई पोहोचविली, त्याच दहा घरांत ‘ते खोटे होते’ हेही आपणच पोहोचविले पाहिजे. यात थोडा कमीपणा येतो खरा. पण ट्रेंटच्या ज्यूंना निर्दोष म्हणवून घेण्यास जी पाच शतके लागली, त्यापुढे तो काहीच नव्हे.