आमची थप्पी : जेद्दाच्या तीन तबकड्या



गेल्या अंकानंतर आमच्या थप्पीत अकरा तबकड्यांची भर पडली. एकूण झाल्या दोनशे चौदा. शनिवारी रात्री दोन तबकड्या ऐकायच्या हा आमचा नेम, पण थप्पी त्याहून भराभर वाढते. का वाढते, तेही सांगतो. म्हातारी माणसं जातात, घरं बंद होतात, आणि मुलं खोकी आणून आमच्या दारात ठेवतात. नको म्हणवत नाही.

या खेपेच्या तीन तबकड्या मात्र सौदी अरेबियाच्या. आम्ही रेवदंड्याला गेलो होतो, तेव्हा जुन्या घराशेजारच्या चाचांनी दिल्या. चाचा सत्तरच्या दशकात जेद्दाला नोकरीला होते. कोकणातली कितीतरी मुसलमान घरं तिकडच्या पगारावर उभी राहिली. आपले वाडवडील घाण्यावर तेल गाळायचे, शनवार तेली म्हणायचे त्यांना. आणि चाचांचं घर बांधलं १९३८ मध्ये सौदीत दम्मामच्या विहिरीला लागलेल्या तेलानं! "घेऊन जा, आमच्याकडं वाजवायला आता कोण आहे?" असं म्हणून चाचांनी फडक्यात बांधून दिल्या.

मुलांनो, या तबकड्या बशीएवढ्या असतात, मध्ये मोठं भोक. मिनिटाला ४५ फेरे घेतात. तुमच्या पणजोबांच्या तबकड्या ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या. लाख म्हणजे झाडावरचा किडा करतो ती, आणि जगाला ती मुख्यतः हिंदुस्थानातूनच जायची. हातातून पडली की तुकडे, मग घरात रडारड. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं गाणं, म्हणून मोठमोठ्या गवयांनाही आलाप आवरता घ्यावा लागे.

पहिली तबकडी तलाल मद्दाह यांची. जन्म मक्केचा, १९४० चा. अरबी आम्हाला बाजारापुरतीच येते, पण आवाज असा मऊ, की शब्द कळायची गरज वाटली नाही. ऊद आणि मागं टाळ्यांचा ठेका. दुसऱ्या बाजूला सुई एकाच जागी अडकते, तिथं बोट लावून पुढं ढकलावी लागते. हे तलाल ११ ऑगस्ट २००० रोजी अभा शहरात रंगमंचावर, मांडीवर ऊद असतानाच कोसळले आणि गेले. लोक टीव्हीवर बघत होते. १९७९ मध्ये मक्केच्या मोठ्या मशिदीवर हल्ला झाला, त्यानंतर त्या देशात जाहीर गाण्यावर बंधनं आली. २०१७ पासून मैफली पुन्हा मोठ्या प्रमाणात सुरू झाल्या. चाचांनी तबकड्या घेतल्या त्या बंधनांच्या आधी.

त्याही आधीचे आवाज आहेत बरं का. हॉलंडचे विद्वान स्नूक हुर्खोन्ये १८८५ मध्ये मक्केत राहून आले होते. पुढं १९०६ नंतर त्यांच्या सांगण्यावरून जेद्दाच्या डच वकिलातीत मेणाच्या नळ्यांवर तिथलं गाणं आणि पठण उतरवून घेतलं. त्या नळ्या आज लायडनच्या विद्यापीठात आहेत. मेणाची नळी दर वेळी वाजवली की थोडी झिजते. म्हणजे ऐकावं तर आवाज जातो, न ऐकावं तर ठेवून काय उपयोग? जपून एकदा नवीन यंत्रावर उतरवायची, हाच उपाय. आम्ही वाचून गप्प बसलो. कारण आमच्या दोनशे चौदांत आपल्या आजीबायांची जात्यावरची गाणी एकही नाहीत, कीर्तनही नाही. नाट्यगीतं मात्र ढीगभर.

आणखी एक गोष्ट, सौदीच्या शेजारच्या कुवेतची. सालेह आणि दाऊद अल-कुवैती हे यहुदी भाऊ. लहानपणी काकानं त्यांना व्हायोलिन आणि ऊद आणून दिलं, तेही कुठून? हिंदुस्थानातून, व्यापाराच्या फेरीतून! पुढं बगदादमध्ये त्यांनी नाव काढलं, रेडिओचा वाद्यवृंद उभा केला, आणि १९५१ मध्ये इथं आले. इथं त्यांची पूर्वीची शान राहिली नाही, हे आमचं मत. दाऊद यांचे नातू दुदू तासा यांनी २०११ मध्ये आजोबांची गाणी नव्यानं गाऊन तबकडी काढली, तेव्हा तरुण पोरं ऐकू लागली. ती आमच्या थप्पीत नाही. कोणाकडं असली तर एका शनिवारपुरती द्या.

तिसऱ्या तबकडीवरचा कागद पुसट झालाय. बाई गातेय एवढं कळतं, ढोलक जोरात आहे, लग्नातलं असावं. खालच्या मजल्यावरच्या इराकी बाईंना दाखवली, त्या चष्मा विसरल्या होत्या. मंगळवारी येतो म्हणाल्यात.