ऐकू येतं, पण कळत नाही



वर्षातून एकदा मला कान तपासून घ्यावे लागतात. आमच्या प्रयोगशाळेत व्हॅक्यूम पंप आणि काँप्रेसर आहेत. मागे एकदा मोजणी झाली तेव्हा त्या खोलीतला आवाज ८५ डेसिबलच्या वर निघाला आणि तिथे काम करणाऱ्या सगळ्यांची नावं तपासणीच्या यादीत गेली. एका बंद, शांत खोलीत बसायचं, कानांना हेडफोन लावायचे आणि बारीकशी शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. वीस मिनिटांचं काम, पण मी दरवेळी कुरकुरत जातो. यंदा त्या खोलीत बसलो असताना मामांची आठवण आली आणि कुरकुरीची लाज वाटली.

मामा गिरणगावातल्या एका गिरणीत साचाखात्यात होते. साचा म्हणजे माग. १९८२ च्या संपापर्यंत सुमारे वीस वर्षं त्यांनी तिथे काढली, नंतर कुठे कुठे वॉचमनची नोकरी केली आणि शेवटी कोकणातल्या घरी जाऊन राहिले. ते मोठ्यानं बोलायचे आणि समोरचा बोलताना त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. आम्हां पोरांना ते रागीट वाटत. साचाखात्यात माणसं ओठ वाचून आणि हातवारे करून बोलत, ही सवय तिथली, हे मला फार उशिरा समजलं.

मी इकडे आल्यावर एकदा आईला हॉस्पिटलात ठेवलं होतं, ते सांगायला मी मामांना फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, ‘बरां झालां, बरां झालां!’ फोनवर ओठ दिसत नाहीत. घरात बरेच दिवस तो विनोद झाला. ‘मामांचं आता वय झालं’ असं म्हणून आम्ही विषय संपवला. मामा गेले, पण त्यांचे कान एकदाही कुणी तपासले नाहीत. त्यांच्या गिरणीनं नाही आणि आम्ही शिकल्यासवरलेल्या भाच्यांनीही नाही.

आता थोडं शास्त्र. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यात प्रत्येक कानामागे सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. मोठ्या आवाजानं त्या आधी थकतात, नंतर मरतात. माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. नव्या कामगाराच्या कानांत पहिले काही दिवस पाळी सुटल्यावर दडे बसतात आणि सकाळपर्यंत सुटतात. काही महिन्यांनी तो म्हणतो, ‘आता सवय झाली.’ आवाज तितकाच असतो. कमी झालेलं असतं ते त्याचं ऐकणं.

हे नुकसान बहुतेक वेळा ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतं. आपल्या बोलण्यातली खर्जातली ताकद स्वरांत असते, पण शब्द ओळखायला लागणारी बारीक व्यंजनं वरच्या पट्टीत असतात. त्यामुळे माणसाला आवाज ऐकू येतो, पण सात की साथ की साठ, हे कळत नाही. तो चुकीचं उत्तर देतो आणि लोक हसतात. हळूहळू तो बोलणंच कमी करतो. यात दुखत नाही, रक्त येत नाही आणि अपघाताचा दिवसही सांगता येत नाही. म्हणूनच हे बहिरेपण सहज म्हातारपणाच्या खात्यावर टाकता येतं.

ही माहिती नवी नाही. १८८६ मध्ये ग्लासगोच्या डॉ. थॉमस बार यांनी बॉयलर बनवणाऱ्या १०० कामगारांचे कान तपासले, त्यांतल्या एकाचंही ऐकणं धड नव्हतं. भारतात आवाजामुळे येणारं बहिरेपण १९४८ पासून भरपाईस पात्र व्यवसायजन्य आजार मानलं गेलं आहे. पण भारतातली अशी पहिली भरपाई मिळाली ती १९९६ मध्ये. मधली ४८ वर्षं गिरण्या, ओतशाळा, प्रेस शॉप, खाणी सगळं चालू होतं. या सगळ्या काळात कोणी बहिरं झालंच नाही, असं कोण म्हणेल?

मर्यादेचा मुद्दाही नीट बघायला हवा. डेसिबलची मोजपट्टी फसवी आहे: ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. अमेरिकेच्या नायॉश या संशोधन संस्थेनं १९९८ मध्ये ८ तासांसाठी ८५ डेसिबलची शिफारस केली. त्या हिशेबानं १०० डेसिबलमध्ये माणसानं जेमतेम १५ मिनिटं थांबावं. ४० वर्षं ८५ डेसिबलमध्ये काम केल्यास शंभरातल्या सुमारे ८ जणांना आवाजामुळे जादा श्रवणदोष येतो, ९० डेसिबलला हा आकडा २५ वर जातो, असा तिचा अंदाज आहे. तरी इथल्या कायद्यातली मर्यादा आजही ९० आहे. भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याखालच्या नियमांनीही ९० हाच आकडा धरला. थोडक्यात, चारांतल्या एकाचे कान जातील हे कागदावर मान्य करूनच हा आकडा ठरतो.

आणि हा आकडा तरी कुठे पाळला जातो? मुंबईच्या गिरण्या गेल्या, पण माग बंद पडले नाहीत. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते खडखडत आहेत. अशा शेडमधला आवाज १०० डेसिबलच्या आसपास असतो आणि पाळी बऱ्याच ठिकाणी ८ तासांची नव्हे, १२ तासांची असते. मजुरी कापडाच्या मापावर, त्यामुळे कान जपायला माग सोडून बाहेर जावं तर पोटाला चिमटा. त्यात १९४८ च्या कायद्यात यंत्रशक्तीवर चालणारा कारखाना १० कामगारांपासून धरला जाई. २०२० ची नवी संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली, तिच्यात तो २० पासून धरला जातो. बहिरेपण नव्या संहितेच्याही आजारांच्या यादीत आहे. पण आठ-दहा माणसांच्या शेडला कारखान्याचे नियमच लागत नसतील, तर त्या यादीचा तिथल्या कामगाराला उपयोग काय?

आपल्या मंडळींत आवाजाबद्दल कळकळ नाही असं नाही. गणपतीतल्या डीजेच्या भिंतींवर, लाऊडस्पीकरवर आपण तावातावानं बोलतो आणि ते योग्यच आहे. पण तो आवाज आपल्या आईवडिलांच्या खिडकीतून आत येतो. मागाचा आवाज येत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत औद्योगिक भागासाठी दिवसाची मर्यादा ७५ डेसिबल आहे, ती भिंतीबाहेरच्या परिसराची. भिंतीच्या आत ९० चालतात. माणूस तोच, भिंत ओलांडली की त्याच्या कानांची किंमत बदलते.

यावर ‘कानात बोळे घाला’ हा सोपा उपाय सांगितला जातो. बोळे हवेतच, पण तो शेवटचा उपाय आहे. उकाड्यात ते बारा तास टिकत नाहीत, नीट बसले नाहीत तर फारसं अडवतही नाहीत आणि धागा तुटला, माग बिघडला हे कामगार कानानंच ओळखतो. आधी यंत्र: झिजलेले भाग बदलणं, कंप शोषणाऱ्या बैठका, शेडच्या छताला आवाज शोषणारं अस्तर. मग कामाचे तास. शेवटी बोळे. बिनधोट्याचे माग आले, पण वेगही वाढला, त्यामुळे प्रश्न आपोआप सुटलेला नाही.

आपण काय करू शकतो? आपल्यातले कित्येकजण कंपन्यांच्या खरेदी आणि गुणवत्ता विभागांत आहेत, भारतातल्या पुरवठादारांची तपासणी करायला जातात. मालाच्या दर्जाबरोबर दोन कागद मागा: आवाजाच्या मोजणीचा आणि कामगारांच्या वार्षिक कानतपासणीचा. यंत्रं डिझाइन करणाऱ्यांनी आवाजाचा आकडा सुरुवातीलाच धरावा. आपण ज्या आरोग्यशिबिरांना पैसे पाठवतो तिथे डोळे आणि साखर तपासतात, त्यात कानही घालायला सांगा. मात्र नुसती तपासणी करून अहवाल हातात ठेवू नका. भरपाईचा अर्ज भरून देणारा माणूसही त्या शिबिरात असू द्या, नाहीतर पुन्हा ४८ वर्षं जातील.

आणि पुढच्या भारतभेटीत, गिरणीत, रेल्वे वर्कशॉपात किंवा प्रेसवर आयुष्य घालवलेलं कुणी घरात असेल, तर त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन जा. श्रवणयंत्रानं गेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण बोलणं पुष्कळ सोपं होतं. मामांच्या बाबतीत मला हे सुचलं नाही. डॉक्टरेट माझ्या नावापुढे लागलेली होती तेव्हाही.