विमान चुकले, म्हणून कर का बुडावा?

‘नॉन-रिफंडेबल तिकीट आहे भाई, एक रुपया परत येणार नाही.’ जळगाव-धुळ्यात ट्रॅव्हल एजंटच्या टेबलासमोर बसलेल्या अनेकांनी हे वाक्य ऐकले आहे. ऐकून आपण उठतो आणि नशिबाला बोल लावत घरी येतो. हे वाक्य अर्धेच खरे आहे. मूळ भाडे बुडू शकते. पण त्याच तिकिटावर आपल्याकडून घेतलेले कर आणि विमानतळाची शुल्के विमान कंपनीला ठेवून घेता येत नाहीत.

हे माझे मत नाही, नियम आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, परताव्याचे नियम सुधारून १ ऑगस्ट २०१६ पासून लागू केले. तिकीट रद्द केले, वापरले नाही किंवा प्रवासी विमानतळावर पोहोचलाच नाही, तरी वैधानिक कर, वापरकर्ता विकास शुल्क आणि प्रवासी सेवा शुल्क परत द्यावे लागते, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. सवलतीचे, सेलमधले आणि ‘नॉन-रिफंडेबल’ तिकीटही यात येते. परतावा देण्याच्या कामाचे वेगळे पैसे कापायचे नाहीत, हेही त्यात आहे. ब्रिटनमध्ये न वापरलेल्या तिकिटाचा प्रवासी कर मागता येतो, पण अनेक कंपन्या त्यावर इतका प्रशासकीय आकार लावतात की हातात काही उरत नाही. आपल्या नियमाने ती पळवाट आधीच बंद केली आहे.

यामागचा विचार सरळ आहे. मूळ भाडे आणि इंधन अधिभार हे कंपनीचे उत्पन्न. वापरकर्ता विकास शुल्क विमानतळाचे. सुरक्षा शुल्क विमानतळाच्या सुरक्षेसाठीचे. हे दोन्ही आकार विमानात चढणाऱ्या माणसामागे असतात. कंपनी ते फक्त गोळा करते. तुम्ही चढलाच नाहीत, तर ते पैसे विमानतळाचेही नाहीत आणि कंपनीचे तर कधीच नव्हते. आपल्या घरात अशा पैशाला अमानत म्हणतात. अमानत वापरली गेली नाही, तर ती मालकाकडे परत जाते.

रक्कम किती? देशांतर्गत प्रवासाचे सुरक्षा शुल्क १ एप्रिल २०२१ पासून माणशी २०० रुपये आहे, भारतातून परदेशी जाताना १२ डॉलर. विमानतळाचे शुल्क वेगळे, ते विमानतळागणिक बदलते. चार जणांच्या कुटुंबाचे देशातले विमान चुकले, तर नुसत्या सुरक्षा शुल्काचेच ८०० रुपये होतात. रोजंदारीवर काम करणाऱ्याला ही रक्कम किरकोळ वाटत नाही.

हा प्रश्न मुंबईकरापेक्षा खानदेशातल्या माणसाचा अधिक आहे. धुळ्यात गोंदूरला धावपट्टी आहे, पण नियमित प्रवासी विमान नाही. जळगावचा विमानतळ २०१२ मध्ये सुरू झाला आणि ‘उडान’ योजनेतले पहिले विमान डिसेंबर २०१७ मध्ये आले. त्यानंतर कंपन्या आल्या, बंद पडल्या, नव्या आल्या. त्यामुळे बंगळुरूची मुलाखत असो, आखातातली नोकरी असो की उमरा, बहुतेकांना आधी मुंबई गाठावी लागते. जळगावहून रेल्वेने चारशे किलोमीटरच्या वर, धुळ्याहून रस्त्याने तीनशेच्या वर. गाडी लेट झाली, कसारा घाटात ट्रक आडवा झाला, व्हिसा दोन दिवस उशिरा लागला, की तिकीट वाया. विमानतळापासून अर्ध्या तासावर राहणाऱ्याचे विमान चुकते त्यापेक्षा आपले चुकण्याची शक्यता जास्त, हे सांगायला आकडेवारी लागत नाही.

मागायला जाताना तीन गोष्टी नीट समजून घ्या, नाहीतर समोरचा एका वाक्यात गप्प करतो.

पहिली, तिकिटावर ‘कर व शुल्क’ या एका ओळीत सगळे कोंबलेले असते. त्यातला वायक्यू किंवा वायआर या खुणेचा आकडा कर नाही. तो कंपनीचा अधिभार आहे आणि तो बुडू शकतो. म्हणून तपशीलवार फोड मागा. परताव्याची रक्कम संदिग्ध न ठेवता सांगणे हे नियमाने कंपनीचेच काम आहे.

दुसरी, जीएसटी. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार जप्त झालेल्या भाड्यावरही तिकिटाच्याच दराने जीएसटी लागतो. या आधारावर कंपनी बुडालेल्या भाड्यावरचा जीएसटी देणे टाळू शकते. तिथे वाद होऊ शकतो. विमानतळ शुल्क आणि सुरक्षा शुल्काबाबत मात्र असा वाद नाही.

तिसरी, परदेशी कंपनी. उमऱ्याला जाणारे अनेक जण सौदी कंपनीच्या विमानाने जातात. डीजीसीएच्या नियमानुसार परदेशी कंपन्यांचा परतावा त्यांच्या देशाच्या नियमांप्रमाणे होतो. तिथे अर्ज जरूर करा, पण भारतीय नियमाचा हवाला देऊ नका.

आता एजंटविषयी. आपला एजंट बहुधा ओळखीतला, कधी नात्यातला. तो प्रत्येक वेळी पैसे खातो असे मला म्हणायचे नाही. छोटा एजंट मुंबईतल्या मोठ्या एजंटकडून तिकीट काढतो. परतावा आधी त्या मोठ्याच्या खात्यात, मग या छोट्याच्या वॉलेटमध्ये येतो आणि तिथेच मुरतो. पण एजंट हा कंपनीचा प्रतिनिधी आहे, त्यामुळे परताव्याची जबाबदारी कंपनीचीच, असे २०१६ चा नियम म्हणतो. त्यासाठी त्याने ३० कामकाजाचे दिवस ठरवले. लॉकडाऊनमधल्या तिकिटांबाबत ‘प्रवासी लीगल सेल’च्या याचिकेवर १ ऑक्टोबर २०२० रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानेही एजंटकडे आलेला परतावा प्रवाशाला ताबडतोब पोहोचवण्याचा मुद्दा मान्य केला. तेव्हा एजंटशी भांडू नका. पीएनआर, ई-तिकीट आणि रोख दिल्याची पावती त्याच्याकडून घेऊन ठेवा. पीएनआर त्याच्या मोबाईलमध्ये आणि पावती कुठेच नाही, हा आपला खरा कच्चा दुवा आहे.

मग कंपनीला ईमेल करा: तारीख, पीएनआर, ‘प्रवास केलेला नाही, कर व शुल्के परत करा.’ उत्तर आले नाही, तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, नंतर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. त्यानेही भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दावा करता येतो, म्हणजे धुळ्यात किंवा जळगावात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची.

तीन-चारशे रुपयांसाठी इतकी धावपळ? हा प्रश्न बरोबर आहे, पण तो कंपनीला विचारला पाहिजे. मी सॉफ्टवेअर लिहितो. दारावर बोर्डिंग पास स्कॅन होतो, तेव्हा कोण चढले आणि कोण नाही हे यंत्रणेला त्याच क्षणी कळते. पैसे कोणत्या खात्यातून आले हेही तिला माहीत असते. न चढलेल्या प्रवाशाचे शुल्क आपोआप परत पाठवणे हे अवघड काम नाही. नोंद आहे, रक्कम आहे, पत्ता आहे; फक्त आदेश दिलेला नाही. एका कंपनीच्या संकेतस्थळावर हा अर्ज शोधायला मला पाऊण तास लागला. तिकीट विकण्याचे बटण मात्र पहिल्याच पानावर होते. लोक मागणार नाहीत, यावर ही रचना उभी आहे.

म्हणून मागणी एकच असावी: न वापरलेल्या तिकिटाचे कर व शुल्क अर्जाविना परत करणे डीजीसीएने बंधनकारक करावे. ती मागणी जोर धरेपर्यंत अर्ज करत राहणे आपल्या हाती आहे. मोहल्ल्यातल्या वाचनालयात एका रविवारी लॅपटॉप घेऊन दोघे-तिघे बसलात, तर गेल्या दोन वर्षांतली कितीतरी वाया गेलेली तिकिटे बाहेर निघतील. शिष्यवृत्तीचे आणि रेशन कार्डाचे फॉर्म आपण असेच भरून देतो. त्या टेबलावर हाही एक फॉर्म ठेवा.