चिंगीचं बाळंतपण

'सर, कॉपी आज नाही मिळणार. घरात डिलिव्हरी आहे.'

पलीकडे तीन सेकंद शांतता.

'अरे वा, काँग्रॅट्स! कोणाची?'

'चिंगीची.'

'चिंगी म्हणजे... बहीण का?'

'कुत्री, सर.'

यापुढे सर जे म्हणाले ते छापण्यासारखं नाही. मास कम्युनिकेशनला असताना डेडलाइन चुकवायची बरीच कारणं ऐकली होती, पण हे त्यात नव्हतं. आणि मंडळी, शप्पथ सांगते, हे कारण शंभर टक्के खरं होतं.

तर चिंगी. वय तीन वर्षं, वजन साडेपाच किलो, रंग पांढराशुभ्र, अ‍ॅटिट्यूड मात्र अल्सेशियनचा. आपल्याकडे जिला सगळे सरसकट 'पॉम' म्हणतात ती बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असते. आमचं ध्यानही तेच. कोथरूडच्या भाड्याच्या वन बीएचकेमध्ये आम्ही दोघी सुखात राहत होतो. पण शेजारच्या काकूंना ते बघवेना.

'अगं, एकदा तरी आई होऊ दे तिला. नाहीतर पुढे गाठी होतात.' काकूंनी स्थळही सुचवलं. मागच्या सोसायटीतला पांढरा पॉम, घरचे सज्जन, हुंडा नाही. एरवी दोनशे शब्दांच्या बातमीसाठी तिघांना फोन करणारी मी, इथे मात्र एकालाही विचारलं नाही. चिंगी हीटवर आली आणि आम्ही लग्न लावून मोकळे झालो.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांकडे गेलो. अठ्ठाविसावा दिवस, सोनोग्राफी. स्क्रीनवर चार ठिपके धडधडत होते. मी चक्क रडले. डॉक्टर मात्र शांतपणे म्हणाले, 'पिल्लं झाल्याने कुत्रीच्या तब्येतीला काही फायदा होत नसतो हं. स्तनांच्या गाठींचा धोका कमी होतो तो कमी वयात पिशवी काढल्याने. पण आता झालंय ना? मग नीट पार पाडू.'

आपले नऊ महिने, त्यांचे नऊ आठवडे. साधारण ६३ दिवस. म्हणजे तिचा एक आठवडा हा आपला एक महिना! हे गणित मी आईला फोनवर सांगितलं आणि तिथेच घोळ झाला. आई सांगलीहून दुसऱ्या आठवड्यात हजर. पिशवीत काय? डिंकाचे लाडू. चिंगीसाठी! मी घाईघाईने डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, 'लाडवात बेदाणे आहेत का?' होते, मूठभर होते. बेदाणे, मनुका, द्राक्षं यांनी कुत्र्यांच्या किडन्या निकामी होऊ शकतात. चॉकलेट, कांदा, लसूणही तिच्यासाठी वाईटच. लाडू मी संपवले. चार किलो माझे वाढले, चिंगीचे नाही.

तिला पहिले पाच आठवडे नेहमीचंच जेवण द्यायचं होतं. 'दोन जिवांची आहे' म्हणून दुप्पट वाढायचं नाही. शेवटच्या तीन-चार आठवड्यांत मात्र पिल्लं झपाट्याने वाढतात, पोटात जागा उरत नाही. मग पपी फूड सुरू केलं, थोडं थोडं करून दिवसातून चार वेळा. फिरणं चालू, उड्या बंद. दिवाणावर चढायला उशांची पायरी केली. जंताचं औषधसुद्धा डॉक्टर सांगतील तेच आणि तेव्हाच.

आणि एक सक्त ताकीद मिळाली होती : कॅल्शियम द्यायचं नाही.

हे काही मला पटेना. गरोदर बाईला कॅल्शियमच्या गोळ्या देतात, मग हिला का नको? काकूंनी गुलाबी सिरपची बाटली आणून दिली. 'पाव चमचा दे गं, काही होत नाही.' मी दिलं. रोज पाव चमचा, तीन आठवडे. डॉक्टरांना सांगितलं नाही. ही बाटली लक्षात ठेवा.

छप्पन्नाव्या दिवशी एक्स-रे काढला. ५५ दिवसांनंतर पिल्लांची हाडं नीट मोजता येतात. चार कवट्या, चार चिमुकले कणे. मोजायचं कशाला? तर बाळंतपण संपलं की एखादं आत राहिलंय, हे कळावं म्हणून. 'चार म्हणजे ठीक,' डॉक्टर म्हणाले. लहान जातीत एकच पिल्लू असेल तर ते कधीकधी फार मोठं होतं आणि अडकतं, मग सिझेरियन. रात्री उघडं असणाऱ्या क्लिनिकचा नंबर आणि खालच्या रिक्षावाल्या काकांचा नंबर, दोन्ही त्याच दिवशी दारावर चिकटवले.

टीव्हीच्या खोक्याची एक बाजू खाली कापून बाळंतिणीची खोली तयार झाली. आत वर्तमानपत्रं आणि आजीची जुनी गोधडी. (माझ्या लेखांचा इतका थेट उपयोग याआधी कोणी केला नव्हता.) शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोनदा टेंपरेचर घ्यायचं. एरवी १०१ च्या आसपास असणारा पारा ९९ फॅरनहाइटच्या खाली उतरला की साधारण चोवीस तासांत कळा सुरू होतात. बासष्टाव्या दिवशी सकाळी ९८.६! तेव्हाच सरांना तो फोन केला.

रात्री पावणेदहाला पहिलं पिल्लू. पातळ पिशवीत गुंडाळलेलं, उंदराएवढं. चिंगीने स्वतःच पिशवी फाडली, नाळ तोडली, चाटून चाटून त्याला रडवलं. आईने फाडली नाही तर आपण लगेच फाडायची, नाकतोंड पुसायचं आणि टॉवेलने चोळायचं. माझे हात टॉवेल धरून नुसतेच थरथरत होते. दुसऱ्याचे आधी पाय दिसले. 'पायाळू!' आई किंचाळली. मी फोन लावला. डॉक्टर जांभई देत म्हणाले, 'कुत्र्यांमध्ये पुष्कळ पिल्लं पायाकडून येतात. नॉर्मल आहे. कळा जोरात असून अर्ध्या तासात बाहेर आलं नाही, तर निघा.' ते पाच मिनिटांत आलं. एकच्या सुमारास चौथं. चौघांना किचनच्या काट्यावर तोललं. प्रत्येक जण लिंबाएवढ्या डोक्याचा, दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर.

'बाळंत झाली बाई एकदाची!' मी म्हटलं.

'व्याली म्हण,' आई डोळे पुसत म्हणाली.

शेक द्यायला शेगडी लावायची तिची फार इच्छा होती. धूर नको म्हणून खोक्याच्या एका कोपऱ्यावर बल्ब टांगला. पहिले काही दिवस पिल्लांना अंगची ऊब राखता येत नाही. पण उकडलं तर आईला सरकता यावं, म्हणून एकाच कोपऱ्यावर.

दहाव्या दिवशी पिल्लांची वजनं दुप्पट. मी बारशाच्या तयारीत. आई सांगलीला परत गेली.

सतराव्या रात्री एक वाजता जाग आली ती चिंगीच्या धापांनी. पिल्लांकडे पाठ करून उभी. पाय लाकडासारखे ताठ, सगळं अंग थरथरत होतं. हाक मारली तर ओळख नाही. कान तापलेले. मी तिला टॉवेलमध्ये गुंडाळलं, पिल्लांना पिशवीत घातलं आणि रिक्षात बसले. चांदणी चौकाकडून येणारा वारा आणि मांडीवर ते थडथडणारं साडेपाच किलो. आयुष्यात इतकी घाबरले नव्हते.

डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, 'पोटुशी असताना कॅल्शियम दिलं होतंत?'

खोटं बोलायची संधी होती. 'हो,' म्हटलं.

ते ओरडले नाहीत. सलाइनमधून कॅल्शियम अगदी हळूहळू सोडत राहिले, एका हाताने स्टेथोस्कोप तिच्या छातीला. घाई केली तर हृदयच बंद पडू शकतं. थरथर कमी झाल्यावर त्यांनी समजावलं. रक्तातलं कॅल्शियम कमी झालं की ते हाडांतून काढून आणायचं, हे काम गळ्यातल्या छोट्या ग्रंथी करवतात. गरोदरपणात वरून आयतं मिळत राहिलं की त्या सुस्तावतात. मग पिल्लं जोरात दूध ओढायला लागतात, मागणी एकदम वाढते आणि ग्रंथी जाग्याच होत नाहीत. 'लहान कुत्री, चार पिल्लं. सिरप दिलं नसतंत तरी झालं असतं कदाचित. पण तुम्ही धोका वाढवलात.'

त्या 'कदाचित'वर मी अजून जगतेय.

एक दिवस पिल्लं वेगळी ठेवली. गाईचं दूध नाही, पिल्लांसाठीची पावडर, दर तीन तासांनी बाटली. आणि गंमत म्हणजे आता चिंगीला कॅल्शियम सुरू झालं. पण डॉक्टरांनी लिहून दिलं तेवढंच.

मला काय कळलं सांगू? माझं प्रेम कमी नव्हतं. आईचे लाडू, काकूंची बाटली, सगळं प्रेमच. पण आम्ही तिघींनी तिला छोटी बाई समजून तिचं बाळंतपण केलं, आणि ती कुत्री होती. तिला कुत्री म्हणून समजून घेणं, हेच तिचे लाड.

पिल्लं आठ आठवड्यांची झाल्यावरच नव्या घरी गेली. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार ब्रीडरलाही त्याआधी पिल्लू विकता येत नाही. पुढे दूध आटल्यावर चिंगीचं ऑपरेशन करून टाकलं. काकू महिनाभर बोलत नव्हत्या. परवा म्हणाल्या, 'जाऊ दे, पण एक पिल्लू मला ठेवलं असतंस!'

काल सरांचा फोन आला. 'काय, आज कोणाची डिलिव्हरी?'

'कॉपीची, सर. कळा सुरू झाल्यात.'

फ्रीजवर चिकटवा

• 'एकदा तरी पिल्लं हवीत' याला वैद्यकीय आधार नाही. आधी डॉक्टरांना विचारा, काकूंना नंतर.
• गरोदरपणात स्वतःच्या मनाने कॅल्शियम नको.
• लगेच निघा : जोरदार कळा असून अर्ध्या तासात पिल्लू नाही, दोन पिल्लांत दोन तासांहून जास्त वेळ गेला, किंवा पहिलं पिल्लू यायच्या आत हिरवा स्राव दिसला.
• पिल्लं झाल्यावर पहिले चार आठवडे : धाप, थरथर, ताठ चाल दिसली तर सकाळची वाट पाहू नका.
• पिल्लांचं वजन रोज करा. वाढत नसेल तर डॉक्टर.