‘सर्व्हर डाऊन’चे दुखणे नेमके कुठे?

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील सेवा केंद्रांवर गेल्या काही वर्षांत हे वाक्य इतक्या वेळा ऐकू आले आहे, की त्याचे कोणाला नवल वाटेनासे झाले आहे. सुपे परिसरातील जिरायतदार असो की भिगवणकडील उजनीकाठचा बागायतदार, सातबारा, आठ-अ, पीक पाहणी, पीकविमा किंवा एखाद्या दाखल्यासाठी त्याला शेवटी संगणकाच्या पडद्यासमोरच उभे राहावे लागते. पडद्यावरचे चक्र फिरत राहते आणि एक दिवसाची मजुरी बुडते. पीककर्जाचे प्रकरण विकास सोसायटीत अडकले असेल, तर नुकसान त्याहून मोठे असते.

याच बारामतीत दुसरेही एक चित्र दिसते. तेथील कृषी विज्ञान केंद्राने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या साह्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला. २०२५च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी त्याची जाहीर दखल घेतली आणि बारामतीचे नाव जगभर पोहोचले. उपग्रह आणि संवेदकांच्या आधारे उसाला पाणी कधी द्यावे हे जेथे सांगता येते, तेथे त्याच उसाच्या सातबाऱ्यासाठी ताटकळावे का लागते?

याचे उत्तर शोधण्यापूर्वी गेल्या काही वर्षांचा क्रम पाहणे उपयुक्त ठरेल. २०१७मध्ये कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन मागविण्यात आले, तेव्हा संकेतस्थळ संथ असल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या आणि मुदत वाढवावी लागली. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याचा प्रारंभ झाला. १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याच्या मोबाइलवर आली. २०२३च्या खरिपात एक रुपयात पीकविम्यासाठी झुंबड उडाली आणि ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत न्यावी लागली. २०२४मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज आणि २०२५मध्ये त्याच योजनेची ई-केवायसी, या दोन्ही वेळी हाच अनुभव आला. मे २०२५मध्ये अकरावी प्रवेशाचे संकेतस्थळ पहिल्याच दिवशी कोलमडले.

योजना आणि खाती वेगवेगळी आहेत. दुखणे मात्र एकच आहे. त्यावरचे औषधही दर वेळी तेच असते, ते म्हणजे मुदतवाढ. मुदतवाढीने लोकांचा संताप शमतो, पण यंत्रणा कशामुळे अडली हा प्रश्न तसाच राहतो.

संथ सर्व्हरचे गणित समजून घेण्यासाठी या दोन तालुक्यांतील वाचकाला लांब जाण्याची गरज नाही. माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याचे यार्ड त्याच्या परिचयाचे आहे. गळीत हंगामात यार्डात ट्रॅक्टर आणि बैलगाड्या खोळंबल्या, तर दोष वजनकाट्याचा असू शकतो, गव्हाणीचा असू शकतो किंवा आत गाळप मंदावल्याचाही असू शकतो. गव्हाणच अडलेली असताना आणखी दोन काटे बसवून रांग हटत नाही. संकेतस्थळाचेही असेच आहे. नागरिकाचा मोबाइल, नेटवर्क, वेब सर्व्हर, त्यावर चालणारी प्रणाली आणि सर्वांत मागे माहितीचा साठा अर्थात डेटाबेस, अशी ती साखळी असते. ‘सर्व्हरची क्षमता वाढविली’ अशी घोषणा होते, तेव्हा बहुधा पुढचे काटे वाढलेले असतात. डेटाबेसमध्ये एकच नोंद शोधण्यासाठी लाखो नोंदी चाळाव्या लागत असतील, किंवा एक फेरफार नोंदविला जात असताना इतर विनंत्या कुलूप उघडण्याची वाट पाहत असतील, तर पुढे कितीही यंत्रे बसविली तरी फरक पडत नाही. उलट मागच्या गव्हाणीवरचा ताण वाढतो.

दुसरी गोष्ट रांगेच्या गणिताची. एका विनंतीला एक सेकंद लागतो असे धरले आणि सर्व्हर निम्म्या क्षमतेने चालत असेल, तर ढोबळ हिशेबाने नागरिकाला सरासरी दोन सेकंदांत उत्तर मिळते. भार ८० टक्क्यांवर गेला की पाच सेकंद, ९० टक्क्यांवर दहा आणि ९५ टक्क्यांवर वीस सेकंद लागतात. म्हणजे अखेरच्या पाच टक्क्यांत प्रतीक्षा दुप्पट होते. म्हणूनच आदल्या दिवशी बरी चालणारी यंत्रणा शेवटच्या तारखेला एकाएकी कोसळल्यासारखी वाटते. त्यात कंटाळलेला नागरिक पुन्हा पुन्हा बटण दाबतो. त्याची जुनी विनंती रांगेत असतेच, तिच्यामागे नवीही उभी राहते. अशा रीतीने गर्दीच गर्दीला जन्म देते.

तिसरी गोष्ट परावलंबनाची. आधारची पडताळणी, ओटीपीचा संदेश आणि शुल्काचा भरणा या सेवा अनेकदा संबंधित खात्याच्या हातात नसतात. यांपैकी एक जरी मंदावली, तरी खात्याचा सर्व्हर तिच्या उत्तराची वाट पाहत अडकून पडतो. नागरिकाला दिसते ते मात्र ‘सर्व्हर डाऊन’ एवढेच.

तेव्हा उपचारापूर्वी निदान हवे आणि निदानासाठी मोजमाप हवे. विनंतीचा किती वेळ नेटवर्कमध्ये, किती प्रणालीत आणि किती डेटाबेसमध्ये गेला, याची नोंद ठेवता येते. तीही केवळ सरासरीने पाहून चालत नाही. शंभरांतील नव्वद जणांना दोन सेकंद आणि दहा जणांना दोन मिनिटे लागली, तर सरासरी चौदा सेकंदांच्या आत भरते. त्या दहा जणांची अडचण त्यात दिसत नाही. हे दहा जण बहुतेकदा नेटवर्क क्षीण असलेल्या वाडीवस्तीवरचे असण्याचा संभव अधिक.

निदानानंतरचे काही उपाय फार खर्चिकही नाहीत. राज्यात सुमारे अडीच कोटी सातबारे आहेत, पण त्यांतील कोणताही उतारा रोज बदलत नाही. फेरफार किंवा पिकाची नोंद झाली तरच तो बदलतो. मग नुसता उतारा पाहण्यासाठी दर वेळी मूळ डेटाबेसला हात लावण्याचे कारण नाही. तयार प्रत वेगळी ठेवून, बदल होताच तेवढीच नवी करता येते. पीक पाहणीचे छायाचित्र शेतात फोनवरच साठवून, नेटवर्क मिळेल तेव्हा पाठविण्याची मुभा असली, तर एका वेळची गर्दी विरते. आणि सर्वांत सोपा उपाय साखर कारखान्यांकडूनच शिकण्यासारखा आहे. कारखाना सगळा ऊस एकाच दिवशी बोलावीत नाही. लागणीच्या नोंदीप्रमाणे तोडणी कार्यक्रम आखतो. तालुकानिहाय किंवा गटनिहाय तारखा शासकीय योजनांनाही देता येतील.

प्रश्न उत्तरदायित्वाचाही आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत देणे बंधनकारक आहे. कारणाविना विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. परंतु मुदत मोजली जाते ती अर्ज दाखल झाल्यापासून. संकेतस्थळच उघडले नाही तर अर्ज दाखल होत नाही, आणि दाखल न झालेल्या अर्जाला विलंबही नसतो. तलाठी म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी लोकांची बोलणी खातात, पण यंत्रणा त्यांच्याही हातात नसते.

पूर्वी तलाठ्याच्या दप्तराची चावी एका माणसाकडे असे आणि तो कुठे भेटेल हे गावाला ठाऊक होते. संगणकीकरणाने त्या चावीची मक्तेदारी मोडली, हे त्याचे मोठे श्रेय आहे. ते टिकवायचे असेल, तर प्रत्येक शासकीय संकेतस्थळ किती वेळ बंद होते आणि किती संथ चालले, याचा मासिक तपशील जाहीर व्हायला हवा. आणि ज्या दिवशी यंत्रणा बंद होती, तो दिवस अर्जदाराच्या मुदतीतून आपोआप वगळला जावा. उजनीत किती पाणी आहे हे रोज सांगता येते. मग संकेतस्थळ किती वेळ चालू होते, हे सांगणे अवघड का असावे?