चंचुपात्रापासून कारखान्यापर्यंत

पुणे-नगर रस्त्यावरील वाघोली एकेकाळी वाघेश्वराचे मंदिर आणि दगडखाणी यांसाठी ओळखली जाई. आज ती अभियांत्रिकी महाविद्यालयांची, वसतिगृहांची आणि उंच इमारतींची वाघोली आहे. २०२१ पासून तर ती पुणे महापालिकेचाच भाग झाली आहे. येथील एखाद्या मध्यमवर्गीय घरात मुलगा रासायनिक अभियंता होतो आणि पुढे काय, ही चर्चा सुरू होते. शेजारच्या खराडीत संगणक कंपन्या आहेत, पहिल्या महिन्यापासून पगार आहे. अशा वेळी मुलाने एम. टेक. करण्याची इच्छा बोलून दाखवली, की वडील विचारतात, "आणखी दोन वर्षे घालवून मिळणार काय?"

प्रश्न रास्त आहे. केवळ उपदेश करून तो टाळता येणार नाही.

या शाखेचे मर्म एका साध्या हिशेबात आहे. चंचुपात्रात साधलेली अभिक्रिया मोठ्या टाकीत तशीच घडत नाही. टाकीची लांबी, रुंदी व उंची दुप्पट केली, की आतील द्रव आठपट होतो; उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग मात्र चौपटच वाढतो. कोंडलेल्या उष्णतेचा हिशेब चुकला, तर माल बिघडतो आणि प्रसंगी स्फोट होऊन कामगारांचे प्राण जातात. पदवीच्या चार वर्षांत या शास्त्राची ओळख होते. एकच प्रश्न हाती घेऊन, मोजमापे करून, चुकून आणि सुधारून त्याचा छडा लावण्याची सवय पदव्युत्तर अभ्यासात लागते.

मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ साली सुरू झाला. जोधपूरहून आलेले मनमोहन शर्मा यांनी १९६० साली तेथे पदव्युत्तर पदवी घेतली. केंब्रिजमध्ये संशोधन करून १९६४ मध्ये, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, ते त्याच विभागात प्राध्यापक म्हणून परतले. त्यांच्या हाताखाली संशोधन केलेले रघुनाथ माशेलकर पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. गुरूने घडवलेला शिष्य आणि त्या शिष्याने उभे केलेले संशोधन, ही परंपरा पैशांत मोजता येत नाही.

ती परंपरा क्षीण झाली, तर काय होते? उत्तरासाठी वाघोलीहून पिंपरीपर्यंत जाणे पुरेसे आहे. तेथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढच्या वर्षी स्वदेशी पेनिसिलिन तयार होऊ लागले. 'हॅमायसिन' हे बुरशीनाशक औषध तेथील संशोधनातूनच निघाले. पुढे स्वस्त चिनी मालापुढे देशातील पेनिसिलिन-जीचे उत्पादन टिकले नाही. जगाला औषधे पुरवणारा आपला देश त्यांच्या कच्च्या मालासाठी चीनवर विसंबला. २०२० च्या महामारीत हे परावलंबन उघडे पडले. त्याच वर्षी केंद्र सरकारने ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली आणि २०२४ मध्ये आंध्रातील काकीनाडा येथे पेनिसिलिन-जीचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. मात्र अनुदान कायमचे नसते. एका टाकीतून किती माल निघतो, शुद्धीकरणात किती वाया जातो, विद्रावक किती परत मिळतो, यांवर शेवटी किंमत ठरते. हे आकडे सुधारणारी माणसे घोषणांनी निर्माण होत नाहीत.

आपल्या पूर्वसुरींना हे उमगले होते. स्वदेशीच्या चळवळीत पैसा-पैसा गोळा करून १९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, तेव्हा तो चालवण्यासाठी परदेशात शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांना पाचारण करण्यात आले. लोकांच्या निधीला शास्त्राची जोड मिळाली, म्हणून भट्टी पेटली.

आज दोष एकट्या विद्यार्थ्याला देणे अन्यायाचे होईल. गेट परीक्षेतून येणाऱ्या एम. टेक. विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती अनेक वर्षे दरमहा १२,४०० रुपयांवरच थांबलेली होती. पुण्यात खोलीचे भाडे आणि खाणावळ भागवून त्यातून काय उरणार? पदव्युत्तर अभियंत्याला पदवीधराच्याच पगारावर नेमणाऱ्या उद्योगपतींना संशोधन होत नसल्याची तक्रार करण्याचा अधिकार नाही. कुरकुंभसारख्या औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांनी आपल्या खऱ्या अडचणी प्रबंधासाठी द्याव्यात, खर्च उचलावा आणि विद्यार्थ्याला यंत्रापाशी उभे राहू द्यावे. महाविद्यालयांनीही जुनेच प्रबंध नव्या पुठ्ठ्यात बांधून घेणे थांबवावे.

विद्यार्थ्यांनाही एक सांगणे आहे. नोकरी मिळेपर्यंतचा विसावा म्हणून एम. टेक. करू नये, तसे असेल तर खराडीची वाट अधिक प्रामाणिक आहे. परंतु एखाद्या प्रश्नाने मनात घर केले असेल, तर दोन वर्षे अवश्य द्यावीत. आणि वडिलांनी "मिळणार काय?" या प्रश्नाबरोबर "शिकणार काय?" हेही विचारावे. मुलाचे उत्तर ठाम असेल, तर त्याच्या पाठीशी उभे राहावे. घराघरांतून असे पाठबळ मिळाले, तरच स्वदेशी हा शब्द सभेतून उतरून कारखान्यापर्यंत पोहोचेल.