आग्या मोहोळ आणि माझी सही

परवा आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीखाली पुन्हा आग्या मोहोळ लागलं. लगेच पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचा कागद सह्यांसाठी फिरू लागला. गेल्या वर्षी अशाच कागदावर मीही सही केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडूवाल्या मावशींनी सुपलीभर मेलेल्या माश्या गोळा केल्या. मुलांना भूतदयेवर निबंध लिहायला लावणारा मास्तर मी! मान खाली घालून घरात आलो.

यंदा सही केली नाही. आग्या माशी पेटीत पाळता येत नाही, पण ती कायमची राहायलाही येत नाही. फुलोरा सरला की आपणच पोळं सोडून जाते. तोवर गच्चीला कुलूप, रात्री तिथला दिवा बंद आणि धूर-फटाके नाहीत, एवढ्यानं बहुतेक वेळा भागतं. पोळं जिन्याच्या तोंडाशीच असेल तर जाणकाराला बोलवावं. १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आपल्या पुण्यातच आहे. सातेरी माश्यांची वसाहत तर पेटीत हलवताही येते.

शाळा-कॉलेजांच्या आवारात नुसत्या हिरवळीपेक्षा शेवगा, कढीपत्ता, तुळस लावा. फुलांवर औषध फवारू नका. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये 'मधाचं गाव' झालं. आपल्याला निदान 'माश्या न मारणारी सोसायटी' होता येईल ना?

चेअरमन म्हणाले, "सर, कुणाला चावली तर जबाबदार कोण?" प्रश्न रास्त आहे. म्हणून गच्चीची किल्ली सध्या मी माझ्याकडे घेतली आहे. तुमच्याकडे काय करता, जरूर कळवा.